लहान महाविद्यालयाचा कबड्डी संघ आणि प्रथम वर्षाचा खेळाडू : वडखळ-पेण परिसराच्या अनुषंगाने एक विवेचन

बीजशब्द : ग्रामीण महाविद्यालय, कबड्डी, प्रथम वर्ष, क्रीडा मंडळ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा

प्रस्तावना

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे परिपत्रक आले की ग्रामीण भागातील लहान महाविद्यालयांत एक दृश्य दरवर्षी पाहावयास मिळते. निवडचाचणीच्या दिवशी मैदानावर पंधरा-सोळा विद्यार्थी जमतात. त्यांतील बरेचसे प्रथम वर्षाचे असतात, आणि प्रत्यक्ष सामन्यात पहिल्या चढाईला पाठविला जातो तो बहुधा ज्याचे ओळखपत्रही अजून छापून आलेले नाही असा विद्यार्थी. त्याने दोन सामने जिंकून दिले की शिक्षककक्षात त्याच्याविषयी दोन मते ऐकू येतात. 'मुलगा जात्याच खेळाडू आहे' हे एक, आणि 'वर्गात मात्र कधी दिसला नाही' हे दुसरे. दोन्ही मते खोटी नाहीत. पण प्रथम वर्षाचाच विद्यार्थी संघाचा आधार का ठरतो, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, लहान महाविद्यालयात नवागताचा जो प्रभाव लगेच जाणवतो तो त्याच्या असाधारण गुणवत्तेपेक्षा एका रचनेचा परिणाम असतो. महाविद्यालयाचा लहान पट, गावातील क्रीडा मंडळे, शेतीचे व सत्राचे वेळापत्रक आणि कबड्डी या खेळाचे अंगभूत स्वरूप या सर्वांनी मिळून ही रचना बनलेली आहे. ती समजून घेतल्याशिवाय त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत महाविद्यालयाचे कर्तव्य काय, हेही ठरविता येणार नाही.

नवागताचा प्रश्न : एक परका दाखला

महाविद्यालयीन खेळातील 'पहिल्या वर्षाचा खेळाडू' हा विषय सर्वाधिक चर्चिला गेला तो अमेरिकेत, आणि तोही बास्केटबॉलच्या संदर्भात. हा खेळ जन्मालाच आला तो एका छोट्या शिक्षणसंस्थेत. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून तो तयार केला. पुढे या खेळाला मोठे वलय प्राप्त झाल्यावर तेथील विद्यापीठीय क्रीडासंघटनेने दीर्घकाळ असा नियम ठेवला, की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या मुख्य संघातून खेळू नये. त्याने एक वर्ष अभ्यासात स्थिर व्हावे आणि नवागतांच्या वेगळ्या संघातून खेळावे, असा त्यामागील विचार होता. युद्धकाळात हा नियम शिथिल झाला. अगदी लहान महाविद्यालयांनाही त्यातून सूट असे, कारण नवागत वगळले तर त्यांचा संघच उभा राहिला नसता. फुटबॉल व बास्केटबॉल या दोन खेळांतील ही बंदी अखेर १९७२ मध्ये उठली.

या नियमातील विसंगती एका सामन्याने उघडी पाडली होती. २७ नोव्हेंबर १९६५ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नव्या क्रीडागृहात विद्यापीठाचा मुख्य संघ आणि त्याच विद्यापीठाचा नवागतांचा संघ यांच्यात सामना झाला. मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता होता. नवागतांनी तो सामना ७५-६० असा जिंकला. त्यात ३१ गुण मिळविणारा ल्यू अल्सिंडर हा विद्यार्थी पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला. तरीही त्या वर्षी त्याला मुख्य संघातून खेळता आले नाही.

हा दाखला येथे देण्याचे कारण असे की, मोठ्या विद्यापीठात नवागताला थोपविणे परवडते. लहान महाविद्यालयाला ते परवडत नाही. आपल्याकडील खेळ वेगळा, पैसा वेगळा. परंतु हा भेद आपल्या महाविद्यालयांनाही लागू पडतो. बास्केटबॉलची परंपरा महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्यासारख्या वस्तीत रुजली. कोकणातील ग्रामीण महाविद्यालयाजवळ त्यासाठी लागणारे पक्के क्रीडांगण क्वचितच असते. येथे तीच जागा कबड्डीने घेतली आहे. म्हणून पुढील विवेचन कबड्डीविषयी आहे.

प्रदेश आणि मंडळ

मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या पुढे, जेथून अलिबागचा रस्ता फुटतो ते वडखळ. एका बाजूस धरमतरच्या खाडीलगतचा खारेपाट, दुसऱ्या बाजूस नागोठणे-रोह्याकडे जाणारा पट्टा. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या गावांत गेल्या काही दशकांत डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत यांमुळे मजुरीचे नवे मार्ग निर्माण झाले. तथापि एक गोष्ट बदलली नाही. भाताची कापणी झाली, शेते मोकळी झाली, की गावोगाव कबड्डीची मैदाने तयार होतात. ग्रामदैवताच्या नावाचे मंडळ, वर्गणीतून उभे राहिलेले सामने, प्रकाशझोतात रात्री उशिरापर्यंत चालणारी स्पर्धा, आणि शेजारच्या गावाकडून झालेला पराभव वर्षभर विसरू न देणारे प्रेक्षक, हे पेण, अलिबाग, रोहा या तालुक्यांचे परिचित चित्र आहे.

गावातील मुलगा आठवी-नववीत असतानाच मंडळाच्या लहान गटात उतरतो. त्याला शिकविणारा कोणी प्रमाणित प्रशिक्षक नसतो. बहुधा कारखान्यातून पाळी संपवून आलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला जुना खेळाडूच असतो. पण हे शिक्षण कच्चे असते असे समजणे चुकीचे होईल. समोरच्या कोपरारक्षकाचा पाय कोणता पुढे आहे, साखळी कोणत्या क्षणी तुटते, दम न सोडता मध्यरेषेकडे कसे परतावे, हे तेथे पुस्तकाविना शिकविले जाते, आणि चुकीची किंमत गावासमोर मोजावी लागत असल्याने ते लवकर अंगी बाणते. वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत अशा मुलाच्या गाठी चार-पाच हंगाम जमा झालेले असतात. महाविद्यालयाच्या दप्तरात तो 'प्रथम वर्ष' असतो; कबड्डीत तो नवखा नसतो.

याच संदर्भात आपल्या शिक्षणव्यवस्थेतील एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावयास हवे. अमेरिकेतील नवागत खरोखरच नवा असतो; घर सोडून तो दुसऱ्या गावी आलेला असतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात भरते. अकरावी-बारावीची दोन वर्षे विद्यार्थी त्याच फाटकातून आत येतो, त्याच मैदानावर खेळतो. परंतु त्याचा समावेश १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत होतो, विद्यापीठाच्या स्पर्धांत नव्हे. बारावी उत्तीर्ण होऊन त्याने पदवीला प्रवेश घेतला की तो एका रात्रीत विद्यापीठीय खेळाडू ठरतो. शारीरिक शिक्षण संचालकाने त्याला दोन वर्षे पाहिलेले असते आणि त्याची वाटही पाहिलेली असते. त्यामुळे इतरांना अकस्मात वाटणारी निवड त्यांच्या दृष्टीने अकस्मात नसते.

सात खेळाडूंचा हिशेब

कबड्डीत मैदानावर सात खेळाडू उतरतात व पाच राखीव असतात. एवढे बारा विद्यार्थी मुंबईतील मोठ्या महाविद्यालयास एका वर्गातूनही मिळू शकतील. ज्या महाविद्यालयाचा पट काहीशेच आहे, त्यात विद्यार्थिनींची संख्या मोठी आहे, आणि उरलेल्या मुलांतील अनेक जण दुपारी कामाला जातात, तेथे बारा ही संख्या लहान नव्हे. तृतीय वर्षापर्यंत पोहोचलेल्यांपैकी काहींनी कंत्राटी नोकरी धरलेली असते, काही नापास होऊन बाहेर पडलेले असतात. प्रथम वर्षाचा वर्ग सर्वांत मोठा व सर्वांत मोकळा असतो. संघात त्याचे प्राबल्य असणे हे त्यामुळे ओघानेच येते.

परंतु संघात स्थान मिळणे वेगळे आणि प्रभाव पडणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचे कारण खेळाच्या घडणीत आहे. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. एका चढाईस जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात व दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. याचा अर्थ प्रत्येक संघाच्या वाट्यास साधारण चाळीस चढाया येतात. त्यांतील पंधरा-वीस चढाया मुख्य चढाईपटू करतो. बास्केटबॉलमध्ये पाच जणांपैकी एक जण कितीही कुशल असला, तरी चेंडू त्याच्या हाती येण्यासाठी इतर चौघांशी त्याचा मेळ बसावा लागतो. चढाईपटूस तशी गरज नाही. मध्यरेषा ओलांडल्यावर तो एकटाच असतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हा बोनस रेषा ओलांडून तो एक गुण घेऊन येऊ शकतो आणि एकाही सहकाऱ्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याचे काही अडत नाही. नव्या संघात लगेच प्रभाव पाडण्यास याहून अनुकूल भूमिका सांघिक खेळांत विरळाच.

व्यावसायिक कबड्डीतही हेच दिसून येते. प्रो कबड्डी लीगच्या २०१८ च्या हंगामात दिल्लीच्या संघातून उतरलेला नवीन कुमार अवघा अठरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्याच वयाचा. त्याच हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाई याने यू मुंबा संघाकडून पदार्पणातच दोनशेहून अधिक गुण मिळविले. दोघेही चढाईपटू आहेत, हा योगायोग नव्हे.

बचावाचे तसे नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा व मधले रक्षक यांची पकड ही एकमेकांच्या हालचालींच्या सवयीवर अवलंबून असते. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्धा क्षण उशिरा आला, तर गुण तर जातोच, शिवाय दोन खेळाडू बाद होतात. ही सवय एकत्र खेळूनच लागते. म्हणून नवागत बचावपटू साधारणपणे दुसऱ्या वर्षी खुलतो. लहान महाविद्यालयात मात्र याला एक मौजेचा अपवाद आढळतो. आसपासच्या एकाच गावचे तीन-चार मित्र एकाच वर्षी प्रवेश घेतात. ते मंडळात वर्षानुवर्षे एकत्र खेळलेले असल्याने बचावाची साखळी तयारच आलेली असते. मोठ्या शहरी महाविद्यालयाने गुण पाहून राज्यभरातून जमविलेल्या सात खेळाडूंपाशी हे नसते. पेणसारख्या ठिकाणच्या संघाने नामवंत संघाला झुंजविल्याची बातमी वाचली, की लेखकाच्या मनात प्रथम हाच प्रश्न येतो, की त्या संघातील किती मुले एका गावची होती?

पाऊस, श्रावण आणि स्पर्धेचे परिपत्रक

वेळापत्रकाचा भाग क्रीडाविषयक लेखनात सहसा दुर्लक्षित राहतो. गावच्या सामन्यांचा हंगाम कापणीनंतर सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतो. जूनमध्ये पाऊस आला की मातीची मैदाने चिखलात जातात. महाविद्यालयाचे सत्र याच सुमारास उघडते, प्रवेशप्रक्रिया रेंगाळते, आणि कोकण विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा पहिल्या सत्रातच येऊन ठेपतात. परिणाम असा होतो की, महाविद्यालयाने खेळाडूला काही शिकवावे यासाठी मुळी अवधीच उरत नाही. संघ खेळतो तो उन्हाळ्यात गावात कमावलेल्या तयारीवर. ज्याचा उन्हाळा सामन्यांत गेला तो सरस ठरतो. आणि परीक्षा, नोकरी वा प्रशिक्षणार्थी म्हणून केलेल्या कामामुळे ज्याचा उन्हाळा मैदानाबाहेर गेला, असा तृतीय वर्षाचा अनुभवी खेळाडू मागे पडतो.

पेण तालुक्यात यात आणखी एक भर पडते. हमरापूर, जोहे व पेण शहरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत श्रावणापर्यंत कामाची घाई असते. मूर्तिकामात हात असलेला विद्यार्थी त्या दिवसांत सरावाला येईल, अशी अपेक्षा व्यर्थ होय. 'सरावाला नियमित उपस्थित असणाऱ्यांमधूनच संघ निवडावा' हा नियम कागदावर निर्दोष आहे. तो येथे काटेकोरपणे लावला, तर संघातील निम्मी नावे गळतील.

आणखी एक कारण अनोळखीपणाचे. गावच्या स्पर्धांत प्रत्येक खेळाडूची खोड सर्वांना ठाऊक असते; अमका डाव्या हाताने फसवितो, तमका टाच मारतो, हे प्रेक्षकांतील मुलेही सांगतील. विद्यापीठाच्या स्पर्धेत तोच खेळाडू अपरिचित असतो. पहिल्या वर्षी त्याच्या चालींना प्रतिस्पर्ध्यांपाशी उत्तर नसते. दुसऱ्या वर्षी ते तयार असते. अशा वेळी 'मागच्या वर्षीचा खेळ आता राहिला नाही' असे म्हटले जाते. वस्तुतः खेळ तोच असतो. तो इतरांना कळलेला असतो, एवढेच.

पहिल्या वर्षाची किंमत

येथवर ज्याचे वर्णन केले तो प्रभाव महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छायाचित्रासह नोंदविला जातो. त्याची किंमत मात्र कोठे नोंदविली जात नाही.

पहिली बाब शरीराची. आंतरविद्यापीठीय खेळाडूची वयोमर्यादा २५ वर्षांपर्यंत आहे. पदव्युत्तर अथवा विधी शाखेतील चोवीस वर्षांचा भरलेल्या अंगाचा बचावपटू आणि अजून वाढीला लागलेला अठरा वर्षांचा चढाईपटू एकाच १३ बाय १० मीटरच्या मैदानावर समोरासमोर येतात. त्यातच गावी मातीवर अनवाणी खेळलेल्या मुलाला येथे मॅटवर बूट घालून खेळावे लागते. मातीत पाय घसरतो, मॅटवर तो अडकतो. वळताना गुडघ्यावर येणारा ताण त्यामुळे निराळा असतो. मॅट उपलब्ध नसलेल्या महाविद्यालयाचा खेळाडू हा फरक प्रत्यक्ष सामन्यातच शिकतो. लेखकाच्या पाहण्यातील एका विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. तेथे गुडघा मुरगळला. सूज उतरताच तो गावच्या सामन्यात उतरला, कारण मंडळाला नकार देणे त्याला शक्य नव्हते. दुसऱ्या वर्षी तो प्रेक्षकांत बसला होता. त्याला विश्रांती सक्तीची आहे, असे लेखी सांगण्याचा अधिकार व जबाबदारी कोणाची होती, याचे उत्तर त्या महाविद्यालयात कोणाजवळच नव्हते. प्रस्तुत लेखकाजवळही नव्हते.

दुसरी बाब अभ्यासाची. विद्यापीठाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम सर्वांना लागू आहे. स्पर्धेच्या दिवसांची सवलत मिळते, परंतु ती मिळविण्यासाठी संघाच्या प्रवासाची नोंद विभागप्रमुखांपर्यंत वेळेवर पोहोचावी लागते. प्रथम वर्षाच्या मुलाला ही कार्यपद्धती माहीत नसते. तृतीय वर्षाचा खेळाडू अर्ज घेऊन दारात उभा राहतो. प्रथम वर्षाचा गप्प बसतो आणि सत्राच्या अखेरीस अनुपस्थितांच्या यादीत त्याचे नाव झळकते. भाषेचीही अडचण असते. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी इंग्रजीतील पहिल्या काही तासांना गैरहजर राहिला, तर पुढील तासांना बसूनही त्याच्या हाती फारसे लागत नाही. स्पर्धा नेमकी त्याच आठवड्यांत असते. अमेरिकेतील जुन्या बंदीमागे हीच चिंता होती. उपाय चुकीचा असला तरी चिंता खोटी नव्हती.

तिसरी बाब पुढील वाटेची. भारतीय विद्यापीठांच्या क्रीडा नियामक मंडळाने १९६१ मध्ये कबड्डीचा आपल्या स्पर्धांत समावेश केला, व पुढच्याच वर्षी शालेय क्रीडा महासंघाने तिला स्थान दिले. तेव्हापासून विद्यापीठाचे प्रमाणपत्र ही ग्रामीण खेळाडूची एक मोलाची कमाई झाली. भारत पेट्रोलियम, महिंद्र, मध्य रेल्वे यांसारख्या संघांनी अनेक कबड्डीपटूंना नोकरीत घेतले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतील विहित दर्जाची कामगिरी व तिच्या प्रमाणपत्राची शासकीय पडताळणी आवश्यक असते. मंडळाच्या स्पर्धेत मिळालेली दुचाकी वा ढाल तेथे उपयोगी पडत नाही. २०२२ मध्ये बेंगळुरू येथे झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील अंतिम फेरीच्या दोन्ही संघांतील २४ खेळाडूंचा समावेश त्याच वर्षीच्या प्रो कबड्डीच्या लिलावात करण्यात आला. विद्यापीठीय कबड्डीतून व्यावसायिक संघाकडे जाणारी वाट अशी प्रथमच उघडपणे दिसली. ती अर्थातच फार थोड्यांसाठी आहे. बाकीच्यांसाठी पदवी आणि पडताळलेले प्रमाणपत्र या दोनच गोष्टी उरतात, आणि दोन्ही मिळविण्यासाठी महाविद्यालयात तीन वर्षे टिकणे भाग असते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात सहशालेय घटकाखाली खेळाला श्रेयांकांत स्थान मिळाले आहे. त्याची अंमलबजावणी अनेक ठिकाणी योगासनांचा तास व लेखी प्रकल्प एवढ्यावर भागविली जाते. वर्षभर मातीत राबणाऱ्या खेळाडूने कबड्डीच्या मैदानाची मापे वहीत काढून गुण मिळवावेत, हा प्रकार विनोदी आहे. त्याऐवजी मंडळातील सराव, सामन्यांची नोंद, दुखापतीची नोंद व कनिष्ठ खेळाडूंना शिकविण्याचे काम हेच श्रेयांकास पात्र धरता येईल. अभ्यास मंडळांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी याचा विचार करावा.

तोपर्यंत महाविद्यालयाच्या पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टी अगदी साध्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक मैदानाबाहेरच्या आहेत. संघाची यादी जाहीर होताच ती क्रीडा विभागाने स्वतः प्रत्येक विभागप्रमुखाकडे द्यावी. विद्यार्थ्याने अर्ज आणण्याची वाट पाहू नये. प्रथम वर्षाच्या प्रत्येक खेळाडूमागे एका अध्यापकाने स्पर्धेच्या काळात बुडालेल्या तासांची टिपणे त्याच्यापर्यंत पोहोचवावीत. मे महिन्यात, म्हणजे प्रवेशापूर्वीच, आसपासच्या मंडळांच्या ज्येष्ठ खेळाडूंना एकदा महाविद्यालयात बोलवावे; कोणत्या मुलाचा गुडघा दुखतो आहे हे त्यांना ठाऊक असते, आपल्याला नसते. सरावाची वेळ ठरविताना वडखळ नाक्यावरून सुटणाऱ्या एसटीचे वेळापत्रक समोर ठेवावे. सायंकाळचा सराव तासभर लांबला की खाडीकडच्या गावातील मुलाची शेवटची गाडी चुकते. मग तो महामार्गावर मालमोटारीला हात करतो, रात्री नऊला घरी पोहोचतो, आणि सकाळी साडेसातच्या पहिल्या तासाला त्याचे नाव पुकारले जाते तेव्हा वर्गातून उत्तर येत नाही.